लेकीबाळींची पाठराखीण

सातारा जिल्ह्यात खंडाळ्याच्या टापूत नायगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील पाटीलकी नेवसे घराण्याकडे होती. या घराण्यातील खंडोजी पाटील व लक्ष्मीबाई या दांपत्याच्या पोटी ३ जानेवारी १८३१ रोजी एक कन्या जन्मास आली. तिचे नाव सावित्री. पाटलाच्या घरात अन्नवस्त्राची ददात नव्हती. लेकीचे कौतुकही होत असे. परंतु तिच्या हाती पाटी द्यावी, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. मुलगी अक्षर गिरवू लागली की तिच्या कपाळी वैधव्य येते, अशी त्या काळच्या लोकांची भोळी पण पक्की समजूत होती. तेव्हा सावित्रीचे बाळपण शेताच्या बांधावर, आमराईत आणि ओढ्याच्या काठी गेले. १८४० साली पुण्याच्या गोविंदराव फुले यांचे चिरंजीव जोतीराव यांच्याशी तिचा विवाह झाला. वधूचे वय नऊ वर्षांचे आणि वराचे तेरा वर्षांचे होते. त्या काळच्या रिवाजास धरूनच हे लग्न झाले.

जोतीराव मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकत होते. जे आपणांस मिळाले ते घरातील माणसास का मिळू नये, हा विचार त्यांच्या मनात बळावला आणि त्यांनी आपल्या पत्नीस शिकविण्यास प्रारंभ केला. त्यांची मावसबहीण सगुणाबाई हीही सावित्रीबाईंबरोबर शिकू लागली. सगुणाबाईंना लहान वयातच वैधव्य आले होते. पुढे जोतीरावांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर यांनी सावित्रीबाईंच्या अभ्यासात लक्ष घातले. अहमदनगरास मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यास मिसेस मिचेल यांच्या शाळेत त्यांनी मुलांना शिकविण्याची पद्धत शिकून घेतली. अशा रीतीने ज्या मुलीस माहेरी कोणी पाटी दिली नव्हती, ती वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी शिक्षिका होण्यास सिद्ध झाली.

त्या वेळी स्त्रियांची स्थिती कशी होती, हे नीट समजल्यावाचून सावित्रीबाईंच्या पुढील आयुष्याचे मोल कळावयाचे नाही. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकले जाई. नवऱ्याने बायकोस व सासूने सुनेस मारणे हा घरातला नित्याचा व्यवहार समजला जाई आणि शेजारीपाजारी त्यात पडत नसत. उच्चवर्णीय घरात मुलीचा नवरा वारला, तर तिचे केशवपन करीत. मग ती दहा वर्षांची असो की वीस वर्षांची. एक वेळचे जेवण, जाडेभरडे लुगडे आणि घरातील काळोखी खोली एवढेच तिच्या वाट्यास येई. तिच्यावर घरातल्याच एखाद्या पुरुषाने जुलूम केला, तरी दोष तिच्याच पदरी बांधला जाई. अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांचे हाल तर दुहेरी होते. हे सर्व धर्माच्या नावावर खपत असे आणि ज्यांच्यावर हे गुदरत असे, त्यांनाही ते आपले प्राक्तनच वाटे. ही समजूत घालवावयाची तर ती लहानपणीच घालविली पाहिजे आणि त्याकरिता मुलींची शाळा हवी, असे फुले दांपत्याच्या मनाने घेतले.

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. प्रारंभी तिच्यात अवघ्या सहा मुली होत्या. (हा वाडा मोडकळीस येऊन पुष्कळ वर्षे तसाच उभा होता. त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्याकरिता डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरविण्यात आला.) सावित्रीबाई या शाळेत शिकवू लागल्या. एका हिंदू स्त्रीने डोक्यावर पदर घेऊन, भर दिवसा, पुस्तके हाती धरून रस्त्याने शाळेत जावे, हे दृश्य पुण्याने पूर्वी पाहिले नव्हते. लोक दारात उभे राहून नावे ठेवू लागले. नावे ठेवून काही होत नाही असे पाहून कोणी शेण, कोणी चिखल, तर कोणी खडे तिच्या अंगावर टाकू लागले. सावित्रीबाई शाळेत पोचत तेव्हा त्यांचे लुगडे मळून गेलेले असे. म्हणून त्या एक जास्तीचे लुगडे जवळ बाळगू लागल्या. शाळेत गेल्यावर मळलेले लुगडे बदलून त्या मुलींपुढे उभ्या राहत आणि घरी जाताना पुन्हा तेच मळके लुगडे नेसत. चांगले लुगडे परतीच्या वाटेवर कशाला खराब करावयाचे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

एके दिवशी एक दांडगा मनुष्य त्यांची वाट अडवून उभा राहिला. शाळा बंद केली नाहीस तर तुझी अब्रू घेऊ, अशी धमकी त्याने दिली. भोवती बघ्यांची गर्दी जमली. पण कोणीही पुढे झाले नाही. तेव्हा सावित्रीबाईंनी त्या मनुष्याच्या तोंडात भडकावली. तो तर गोंधळून पळालाच. परंतु बघ्यांचीही तोंडे उतरली. ही हकीकत गावभर झाली आणि त्यानंतर त्यांच्या वाटेस जाण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही, असे सांगतात. या प्रसंगाचे वर्णन करताना त्यांच्या शौर्याची वाखाणणी केली जाते, ती योग्यच आहे. तथापि त्याहून अवघड काम त्या रोजच करीत होत्या. चपराक एकदाच द्यावी लागली. मान खाली न घालता त्याच रस्त्याने पुन्हा जाणे मात्र प्रत्येक सकाळी करावे लागे.

रस्त्यावरच्या लोकांची डाळ शिजली नाही, तेव्हा त्यांनी गोविंदरावांचे कान भरण्यास सुरुवात केली. जातीतले लोक वाळीत टाकतील या भीतीने वृद्ध गोविंदराव धास्तावले. शाळा सोडा, नाहीतर घर सोडा, असा पेच त्यांनी मुलापुढे व सुनेपुढे टाकला. १८४९ साली दोघांनी घर सोडले. गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आपल्याकडे थारा दिला. त्याच घरातील फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या कामात सहकारी झाल्या. या गडबडीत शाळेच्या कामात खंड पडला. परंतु तो फार काळ टिकला नाही. १८५१ च्या जुलैत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत दुसरी आणि १८५२ साली वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या. १८५३ च्या फेब्रुवारीत मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा पटावरील मुलींची संख्या २३७ होती. परीक्षा पाहण्यास लोकांची रीघ लागली. चारच वर्षांपूर्वी शेण फेकणाऱ्या शहरात हे घडत होते.

या शाळांतून मुली काय शिकत होत्या, याची साक्ष एका विद्यार्थिनीच्या लेखणीने दिली आहे. मुक्ता साळवे ही मांग जातीची, सुमारे चौदा वर्षांची मुलगी. तिने आपल्या व महार बांधवांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले अत्याचार, धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नसलेल्यांचा धर्म कोणता हा रोखठोक प्रश्न, आणि डोक्यावर छप्पर नसलेल्या ठिकाणी ऊनपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांची दैना, हे सारे तिने त्यात निर्भयपणे मांडले. मोठमोठे पंडित ज्या गोष्टीविषयी मौन बाळगून होते, ती गोष्ट तीन वर्षे शाळेत गेलेली एक मुलगी बोलू लागली होती. शाळेपासून लोक इतके का बिथरले होते, याचे उत्तर येथे मिळते.

शाळा मुलींचीच होती असे नाही. १८५५ साली फुले दांपत्याने दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांकरिता रात्रीची शाळा काढली. तिच्यासंबंधी एक चमत्कारिक प्रसंग सांगितला जातो. जोतीरावांच्या विरोधकांनी पैशाचे आमिष दाखवून दोन तरुणांना त्यांच्या खुनासाठी पाठविले. एक रोडे आणि दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. मध्यरात्री शस्त्र घेऊन ते घरात शिरले. चाहूल लागून पतिपत्नी जागी झाली. आपल्या मरणाने या गरिबांच्या घरी चार पैसे जाणार असतील तर खुशाल मारावे, असे जोतीरावांनी शांतपणे सांगितले. ते ऐकून दोघांच्या हातांतील बळच गेले. पुढे तेच दोघे रात्रीच्या शाळेत येऊन बसू लागले. रोडे जोतीरावांचा पाठराखा झाला आणि धोंडीराम विद्या संपादन करून सत्यशोधक विचारांचा पंडित म्हणून नावाजला.

स्वतःच्या माहेरीही सावित्रीबाईंना या मतांसाठी झगडावे लागले. १८५६ साली त्या आजारी होऊन नायगावास राहिल्या होत्या. भावाने त्यांची शुश्रूषा मनापासून केली; परंतु जातीने बहिष्कृत केलेल्या बहिणीने व मेहुण्याने आता तरी महारामांगांना शिकविण्याचे सोडावे, असा त्याचा आग्रह होता. अंथरुणावर असतानाही सावित्रीबाईंनी त्याची बाजू सोडवून दाखविली नाही. गाईबकऱ्यांना आपण मायेने जवळ घेतो, नागपंचमीस सापाला दूध पाजतो आणि माणसांना मात्र दूर लोटतो, हा विपरीत न्याय त्यांनी त्याच्या पदरात घातला. अखेर भावाला आपली चूक कळून आली. आईने तर लेकीचे बोलणे ऐकून समाधानाने डोळे पुसले. ही सारी हकीकत सावित्रीबाईंनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पतीस पत्राने कळविली होती.

इतके होऊनही एक दुःख शाळेच्या भिंतींबाहेरच राहिले होते. ते होते विधवांचे. विधवांच्या पुनर्विवाहास मुभा देणारा कायदा १८५६ साली झाला खरा. पण कायदा सरकारदप्तरी राहिला आणि रूढी घराघरांत नांदत राहिली. १८६३ च्या सुमारास पुण्यात एक दारुण घटना घडली. काशीबाई नावाची एक तरुण, कुलीन ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाकाच्या कामास होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसविले. तिला दिवस राहिले, तेव्हा तो अंग काढून मोकळा झाला. लोकलज्जेने बावरलेल्या काशीबाईने जन्मलेल्या बाळाचा जीव घेऊन ते विहिरीत टाकले. गुन्हा उघडकीस आला, खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने तिच्यावर हा प्रसंग आणला, त्याचे नाव कोणत्याही न्यायासनापुढे आले नाही. न्यायाच्या तराजूचे एक पारडे अशा रीतीने रिकामेच राहिले.

या घटनेने फुले पतिपत्नींचे मन अतिशय व्यथित झाले. परंतु नुसती हळहळ करीत बसणे हा दोघांचाही स्वभाव नव्हता. गंज पेठेतील आपल्या राहत्या घरीच त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्याची पत्रके ब्राह्मण वस्तीतील भिंतींवर लावण्यात आली. अडचणीत सापडलेल्या विधवेने येथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे. मूल न्यावे अथवा येथेच ठेवून जावे, तो तिच्या खुशीचा प्रश्न राहील. मुलाची काळजी हे गृह घेईल, असा त्या पत्रकांचा आशय होता. एका माळ्याच्या घरी ब्राह्मण स्त्रिया येतील का, अशी शंका लोकांनी घेतली. त्या आल्या. रात्रीच्या अंधारात, डोक्यावरून पदर ओढून, कोणी एकट्या तर कोणी आईबरोबर त्या येत. १८८४ साली जोतीरावांनी याविषयी लिहिले, त्या वेळेपर्यंत ३५ विधवांनी या घराचा आश्रय घेतला होता. त्यांच्या मुलांपैकी त्या वेळी पाचच हयात होती. बाळाने पोटातच दगावावे म्हणून आयांना जे भलतेसलते उपाय करावे लागत, त्यांचा हा परिणाम होता.

पत्रके काढणे व पैसा जमविणे ही कामे जोतीरावांनी केली. परंतु दार उघडून त्या भेदरलेल्या स्त्रीला आत घेणे, तिला धीर देणे, तिचे बाळंतपण करणे, तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालणे ही कामे सावित्रीबाईंच्या वाट्यास आली. त्यांना स्वतःला मूल झाले नव्हते. त्यामुळे जोतीरावांनी दुसरे लग्न करावे म्हणून नातेवाइकांनी पुष्कळ गळ घातली होती. मूल न होण्यात दोष पत्नीचाच कशावरून, असे विचारून जोतीरावांनी ती सूचना धुडकावून लावली. १८७४ साली या गृहात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा दोघांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. त्याला त्यांनी वैद्यकीचे शिक्षण देऊन डॉक्टर केले. मोठेपणी अनेकांनी त्याच्या जन्मावरून त्यास मुलगी देण्याचे नाकारले. परंतु ज्ञानोबा सासणे यांनी ती मोडती घातली नाही आणि १८८९ साली त्यांच्या मुलीशी यशवंताचा विवाह झाला. लग्नाआधी वधूवरांनी एकमेकांस ओळखावे म्हणून सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेस काही दिवस घरी आणून ठेवले होते. आजही ज्या गोष्टीला किती घरांत नाके मुरडली जातात, ती त्यांनी तेव्हा केली.

१८६८ सालच्या ऑगस्टात सावित्रीबाई नायगावास होत्या. तेथे जे घडले, ते त्यांनी जोतीरावांना पत्र लिहून कळविले आणि ते पत्र उपलब्ध आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरत असे. त्यावरच त्याची गुजराण होती. नायगावातील शारजा नावाच्या एका महार मुलीवर त्याचे प्रेम बसले. ती सहा महिन्यांची गर्भवती असल्याचे कळताच गाव खवळला. लोकांनी दोघांना पकडले. मारहाण करीत, गावभर मिरवीत ते त्यांना ठार मारण्यास घेऊन निघाले. गावाची अब्रू राखण्यासाठी आपण हे करीत आहो, असेच त्या जमावास वाटत होते.

ही बातमी सावित्रीबाईंच्या कानी पडली मात्र, त्या धावतच तेथे गेल्या. जमाव परका नव्हता. ज्यांच्या अंगणात त्या लहानपणी खेळल्या, तीच ही माणसे होती. पुण्याच्या रस्त्यावर अनोळखी माणसास चपराक देणे एक वेळ सोपे. माहेरच्या गावाला आडवे जाणे कठीण. त्यांनी येथे हात उगारला नाही. धर्माधर्माचा वाद घालण्याचीही ती वेळ नव्हती. इंग्रजी राज्यात मनुष्यवध केला तर त्याचे परिणाम काय होतात, ते त्यांनी जमावास स्पष्ट शब्दांत समजावून दिले. हे ऐकताच पुढे झालेले पाय मागे सरकले. गावातील सदुभाऊ यांनी रागारागाने का होईना, दोघांनी गाव सोडून जावे, मग त्यांना कोणी हात लावणार नाही, असा तोडगा काढला. तो सर्वांनी मानला. मरणाच्या दारातून परत आलेली ती दोघे सावित्रीबाईंच्या पायांवर पडून रडू लागली. त्यांनी कशीबशी त्यांची समजूत घातली आणि दोघांना पुण्यास जोतीरावांकडे पाठवून दिले. घराचे दार उघडे असल्याची खात्री असल्यामुळेच त्यांना हे करता आले.

या प्रसंगात मोठी शिकवण देणारे भाषण नाही, की कोणाचे हृदयपरिवर्तन नाही. गावाचा राग तसाच राहिला. पण दोन जीव व एक न जन्मलेले बाळ वाचले. सावित्रीबाईंनी पत्रात ही हकीकत मोजक्या ओळींत सांगितली आहे. आपल्या धाडसाची बढाई त्यात कोठे नाही.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि डिसेंबरात सावित्रीबाईंच्या पुढाकाराने त्यांच्या एका मैत्रिणीच्या मुलीचा विवाह भटजीवाचून व हुंड्यावाचून पार पडला. सत्यशोधक विवाहविधीसाठी जोतीरावांनी पुढे जी मंगलाष्टके रचली, त्यांत वधू वराकडून स्त्रियांच्या हक्कांसंबंधी वचन मागून घेते आणि वर ते सर्वांसमक्ष देतो. लग्नमंडपात मुलीने तोंड उघडणेही जेथे उद्धटपणाचे ठरे, तेथे ही रीत पाडण्यात आली. १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात अन्नछत्रांच्या कामासाठी हिंडत होत्या. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला, त्यामागे सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांची खटपट होती. वस्तरा ज्यांच्या हाती होता, त्यांनीच तो खाली ठेवला.

त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे, यावरून वाद उपस्थित झाला. दत्तक यशवंताचा हक्क भाऊबंद मानीनात. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवे हाती घेतले आणि त्यांनी पतीच्या अंत्ययात्रेचे अग्रस्थान घेतले. ज्या समाजात विधवेने कोपऱ्यात तोंड लपवून बसावे असा दंडक होता, तेथे हे घडले. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेचे अध्यक्षस्थानही त्यांनीच भूषविले.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. माणसे घरेदारे टाकून रानोमाळ पळू लागली. बापाने मुलास शिवू नये, अशी अवस्था झाली. यशवंतराव लष्करात डॉक्टर होते. आईने त्यांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ सासणे यांच्या माळावर त्यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः आजारी माणसे शोधून तेथे आणीत. मुंढवे गावच्या महारवाड्यात एका लहान मुलास गाठ आल्याचे त्यांना कळले. त्याला नेण्यास कोणी तयार होईना. सावित्रीबाईंनी त्या मुलास पाठीवर घेतले आणि तशाच त्या दवाखान्याच्या वाटेस लागल्या. मुलगा वाचला. त्यांना मात्र रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी यशवंतरावांच्या त्याच दवाखान्यात त्यांनी शेवटचा श्वास घेतला.